शुक्रवारचे हेलपाटे

मालेगावात यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी असते. सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार. म्हणजे लूमवर काम करणाऱ्या माणसाला मजुरी न बुडवता एखाद्या टेबलापुढे उभं राहायला आठवड्यात एकच दिवस मिळतो, आणि त्या दिवशी भर दुपारी जुम्माची नमाज असते. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याने, आमच्या दुल्हेभाईंनी, यंदा असे अकरा शुक्रवार घालवले. त्यांतल्या सहा शुक्रवारी मी सोबत होतो, म्हणून हे लिहितोय.

जानेवारी 2025 मध्ये त्यांना टीबी निघाला. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाल्या, वेळेवर मिळाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. महिनाभर घरी बसले. मग डॉक्टर म्हणाले, हलकं काम करायला हरकत नाही. लूमवर हलकं काम कुठलं? पाळी बारा तासांची. सेठ भला माणूस, कामावरून काढलं नाही, दुसऱ्या अर्ध्या पाळीला बदली माणूस लावला. पण मजुरी कापडाच्या मीटरवर. निम्मे तास, निम्मं कापड, निम्मे पैसे. आधी पाळीला चारशे-साडेचारशे पडायचे, ते दोनशेवर आले. घरात खाणारी सहा माणसं.

अशा रुग्णासाठी केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना आहे. 2018 साली सुरू झाली तेव्हा महिन्याला 500 रुपये होते. नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. ते तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत, आगाऊ द्यायचे असं ठरलं आहे. पहिला हप्ता निदान झाल्यावर, दुसरा 84 दिवसांच्या उपचारानंतर. पैसे थेट बँक खात्यात. कागदावर योजना उत्तम आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. ज्याने कुणी 'आगाऊ' हा शब्द त्यात घातला त्याला हा आजार कळला होता.

कारण टीबीत खाणं हे औषधाइतकंच औषध आहे. झारखंडमध्ये झालेल्या 'राशन्स' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकांत आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. ज्या कुटुंबांना जास्तीचं धान्य मिळालं, तिथे घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाणही 39 टक्क्यांनी घटलं. पहिले दोन महिने. दुल्हेभाईंचे पहिले दोन महिने फेब्रुवारी-मार्चमध्ये गेले आणि पैशाचा पत्ता नव्हता.

अडलं कुठे? दवाखान्यात म्हणाले, आमच्याकडून माहिती भरून गेली, बँकेत विचारा. बँकेत म्हणाले, खातं दोन वर्षं वापरलं नाही म्हणून बंद पडलंय, केवायसी करा. केवायसीला गेलो तर आधारवर 'मोहम्मद' पूर्ण आणि पासबुकात नुसतं 'मो.'. आपल्या वाचकांना हे नवं नाही. आपल्यात निम्म्या घरांत हा 'मो.' आहे, बायकांच्या नावापुढे कधी 'बी' कधी 'बानो' आहे, 'शेख' कुठे पुढे कुठे मागे आहे. शाळेच्या मास्तरांनी, रेशनवाल्याने, बँकेतल्या कारकुनाने ज्याला जसं सुचलं तसं लिहिलं आणि आपण अंगठा नाहीतर सही केली. ती चूक आता संगणकाच्या हाती लागली आहे, आणि संगणकाला समजावता येत नाही की मो. म्हणजे मोहम्मदच. नाव जुळवून घेतलं तेव्हा कळलं की आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं आहे, आणि ते खातंही मेलेलं. रांगेत पुढचा नंबर यायचा तोवर अजान व्हायची. नमाजहून परत आलो की जेवणाची सुट्टी.

शुक्रवारी काम झालं नाही की 'सोमवारी या' म्हणत. सोमवारी जायचं तर अर्ध्या पाळीचे दोनशे गेले. असे चार दिवस गेले, रिक्षा आणि झेरॉक्स वेगळं. हिशेब केला तर एका महिन्याचे हजार मिळवण्यासाठी जवळपास हजारच खर्ची पडले होते. निम्म्या मजुरीवर जगणाऱ्याला पाठपुरावा परवडत नाही, आणि पाठपुरावा केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

एप्रिलमध्ये ते वैतागून म्हणाले, "हज़ार रुपये के लिए कितने चक्कर? जाने दो." मोहल्ल्यातल्या बुजुर्गांचंही तेच मत. मार्चमध्ये रमजान होता, जकातीतून घरात डाळ, अंडी, खजूर आले होते. देणाऱ्यांना अल्लाह बरकत देवो. पण 'जकात मिळाली ना, मग सरकारच्या मागे कशाला लागायचं' हे मला पटत नाही. जकात देणाऱ्याने आपलं कर्तव्य केलं. त्याने सरकारचं कर्तव्य संपलं नाही. शिवाय जकात रमजानात भरभरून येते, आजार वर्षभर कधीही येतो. आणि मेहरबानी करून आपण टीबी हा शब्द दाराआड बोलणं बंद करू या. बहीण कित्येक दिवस शेजारणीला 'खोकला आहे' एवढंच सांगत होती, मुलीच्या सोयरिकीच्या भीतीने. लपवलेल्या आजाराचा हक्क मागायला तोंड कसं उघडणार?

एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती जास्त बोचते. कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय असलेल्या कामगाराला टीबी झाला, दोन वर्षांची नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असली, तर मजुरीच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मूळ कायदा 1948 चा. दुल्हेभाई वीस वर्षं लूमवर आहेत आणि त्यांच्याकडे हजेरीकार्डसुद्धा नाही. दहापेक्षा कमी कामगार दाखवले की कायदा कारखान्याच्या दाराबाहेरच थांबतो. ते कार्ड असतं तर आजारी माणसाला अर्धी पाळी करावीच लागली नसती. आपल्या शहरात लूमचे मालकही आपलेच आहेत, मजूरही आपलेच. हा विषय जुम्माच्या खुतब्यात मी कधी ऐकलेला नाही.

शेवटी मार्ग निघाला तो अगदी साधा. जूनमध्ये कुणीतरी पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं सांगितलं. पोस्टमन घरी आला, अंगठा घेतला, आधार जोडलेलं नवं खातं उघडून गेला. पाच महिन्यांचा गुंता चहा निवायच्या आत सुटला. हे पहिल्याच दिवशी दवाखान्यात का करत नाहीत? निदान झालं त्याच टेबलावर आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते तपासावं, नाव जुळत नसेल तर तिथेच पोस्टमनला बोलवावं. रुग्णाला बँकेत धाडू नये. आणि मालेगाव-भिवंडीसारख्या ठिकाणी महिन्यातून एका शुक्रवारी नमाजनंतर मशिदीजवळ बँक, पोस्ट आणि टीबी विभागाने एकत्र बसावं. मशिदीच्या विश्वस्तांनी जागा आणि घोषणा दिली तरी पुरे. तोवर ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी निक्षय क्रमांक लिहून ठेवावा आणि 1800-11-6666 या मोफत क्रमांकावर विचारणा करावी. फोनला पाळी मोडावी लागत नाही.

उपचार जुलैत संपले. अलहमदुलिल्लाह, थुंकीची तपासणी स्वच्छ आली. पहिल्या हप्त्याचे तीन हजार ऑगस्टमध्ये जमा झाले. पौष्टिक खाण्यासाठीचे ते पैसे आजारात झालेल्या किराणा दुकानाच्या उधारीत गेले. दुल्हेभाई आता पूर्ण पाळी करतात, जिने चढताना मात्र अजून मध्ये थांबतात. दुसरा हप्ता आलेला नाही. येत्या शुक्रवारी अकरा वाजता मी त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणार आहे.