फराळाचे आमंत्रण देण्यापूर्वी

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांकडे दरवर्षी ठरावीक तक्रारी येतात : वाढलेली साखर, सुजलेली पावले, धुराने बळावलेला दमा आणि न्हाणीघरात पाय घसरून दुखावलेले मनगट. यांतल्या बऱ्याच तक्रारी आधी थोडी आखणी केल्यास टळू शकतात. म्हणून या वेळी औषधांऐवजी आमंत्रणाविषयी लिहितो.

आपल्या भागातील घरांचा एक विशेष आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे, परळ-गिरगावची खोली सोडून बदलापुरात ऐसपैस जागा घेतलेले निवृत्त लोक; यांची मुले आज ठाण्यात, पुण्यात किंवा परदेशात असतात. सण आला की सारे जमतात ते आईवडिलांच्या घरी. म्हणजे खरे यजमान ज्येष्ठच असतात. प्रत्यक्षात मात्र त्यांना ‘विश्रांती घ्या’ म्हणून आतल्या खोलीत ठेवले जाते, किंवा सकाळपासून रात्रीपर्यंत सोफ्यावर बसवून प्रत्येकाच्या नमस्काराला सामोरे जायला लावले जाते. दोन्ही टोके टाळावीत. कोणाला बोलवायचे, काय करायचे आणि किती वेळ बसायचे, हे प्रथम त्यांनाच विचारावे.

वेळ ठरवताना दुपारी चार ते साडेसहा हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. दुपारची झोप झालेली असते, रात्रीच्या औषधांना अवकाश असतो आणि फटाक्यांचा जोर वाढण्यापूर्वी मंडळी उठतात. डोंबिवली-ठाण्याहून येणारे पाहुणेही वयस्कर असतील, तर संध्याकाळची भरगच्च बदलापूर लोकल त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका. दुपारच्या गाडीने बोलवा. रविवार असेल तर मेगाब्लॉक आहे का, ते आधी पाहा. जुन्या इमारतीत लिफ्ट नसेल तर मधल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवावी. पंचवीस माणसे एकदम बोलावण्यापेक्षा दोन दिवसांत वाटून बोलवावीत. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पाच जणांशी बोलता येते, पंचवीस जणांत तो एकटा पडतो. त्याची खुर्ची भिंतीला पाठ करून, बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात दिसेल अशी ठेवावी. खुर्चीला हात असावेत, म्हणजे उठताना आधार मिळतो.

आता फराळ. गोड पदार्थांकडे सर्वांचे लक्ष असते. चकली, शेव आणि चिवडा यांतील मिठाकडे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहूनही कमी मीठ पुरे. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांच्या पायांवर सूज येण्यास हेच मीठ कारणीभूत होते. त्यांना ताटलीऐवजी लहान वाटीत, एका वेळी एकच पदार्थ द्यावा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले किंवा आडवे पडल्यावर धाप लागू लागली, तर सण संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहींच्या बाबतीत उलट धोकाही असतो. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी वेळेवर घेतली जाते आणि ‘पाहुणे आले की एकत्र जेवू’ म्हणून जेवण लांबते. अशा वेळी घाम, थरथर, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर साखर उतरली असे समजावे. ग्लुकोमीटरवर सत्तरच्या खाली आकडा असल्यास, किंवा मीटर हाताशी नसल्यास न तपासताही, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग जेवण द्यावे. लाडू देऊ नये. त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाहुणे उशिरा आले तरी आजोबांचे जेवण ठरल्या वेळीच व्हावे.

पक्षाघात किंवा कंपवातामुळे गिळताना ठसका लागत असेल, तर चिवड्यातला शेंगदाणाही घातक ठरू शकतो. त्यांच्यासाठी मऊ शिरा वेगळा काढून ठेवावा आणि खाताना त्यांना बोलते करू नये.

सहसा कोणी न सांगणारी एक गोष्ट : घरात गर्दी असली की अनेक वृद्ध स्त्रिया पाणी पिणे कमी करतात, कारण स्वच्छतागृह सतत कोणीतरी अडवलेले असते आणि विचारायला संकोच वाटतो. पुढे चक्कर येते किंवा लघवीला जळजळ सुरू होते. दर दीड-दोन तासांनी घरातील एकीने त्यांना हळूच आत घेऊन जावे.

अभ्यंगस्नान पहाटेच्या अंधारातच व्हायला हवे असा हट्ट वयस्कर मंडळींसाठी धरू नये. उजाडल्यावर, स्टुलावर बसून, तळपायांचे तेल पुसून स्नान घालावे. दारातली रांगोळी आणि पणत्या येण्याजाण्याच्या वाटेच्या बाजूला असाव्यात. दिव्यांच्या माळांच्या वायरी जमिनीवरून नेऊ नयेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली होती. ती सर्वत्र पाळली जातेच असे नाही. दमेकऱ्यांनी संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्यात आणि इन्हेलर कपाटात न ठेवता हाताशी ठेवावा. खोकला-सर्दी झालेल्या पाहुण्यास ‘बरे वाटले की तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही या’ असे सांगण्यात कसलाही अपमान नाही.

शेवटी सेवा करणाऱ्यांविषयी. दिवसपाळीच्या मावशींनाही दिवाळी असते. त्यांची सुटी आधी ठरवून घ्या आणि त्या दिवशी कोण काय करणार, ते लिहून भिंतीवर लावा. चहा मुलाने करावा, भांडी जावयाने विसळावीत, औषधे नातीने द्यावीत. एरवी हे सारे सुनेवर किंवा सत्तरीतल्या पत्नीवर पडते, आणि आठवड्याने त्याच पाठदुखी घेऊन आमच्याकडे येतात. आमंत्रण देतानाच निघण्याची वेळही सांगावी. आपली माणसे ती समजून घेतात.

ज्या घरात यंदा माणूस गेले आहे, तिथे फराळ होत नाही. तिथे आपण डबा घेऊन जावे, आणि दारातून परत न फिरता अर्धा तास बसावे. गेलेल्या माणसाचे नाव मुद्दाम टाळू नये. जोडीदार गमावलेल्यांना त्या नावाविषयी कोणाशी तरी बोलायचे असते.

चालू औषधांची यादी, डॉक्टरांच्या सुटीचे दिवस आणि १०८ हा क्रमांक एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. मग निर्धास्तपणे आमंत्रणे द्या; पहिला फोन मात्र आजीला करू द्या.