सवलत कोणाच्या घराला?

घर उभारणाऱ्यास शासनाने हातभार लावावा, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो हा हातभार कोणापर्यंत पोचतो, हा. बीड जिल्ह्यातील कड्यासारख्या गावातून हा हिशेब मांडला, तर उत्तर समाधानकारक येत नाही.

शासकीय मदतीची एक वाट आयकराची. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजापैकी वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंतची रक्कम जुन्या करप्रणालीत वजा होते. ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. खरी मेख येथेच आहे. तेवढेच व्याज भरणाऱ्या दोघांपैकी 30 टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचे उपकरासह 62,400 रुपये वाचतात, 20 टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचे 41,600. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याच्या पदरी शून्य.

खास पहिल्या घरासाठी 2016 आणि 2019 साली दिलेल्या जादा वजावटी 31 मार्च 2022 नंतर मंजूर झालेल्या कर्जांना मिळत नाहीत. नव्या करप्रणालीत तर राहत्या घरावरील व्याजाची वजावटच नाही. भाड्याने दिलेल्या घरावरील व्याज मात्र भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते. म्हणजे निवारा शोधणारा बाहेर आणि घरमालक आत!

दुसरी वाट घरकुलाची. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागातील कुटुंबास 1,20,000 रुपये मिळतात, तेही एकदाच आणि बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्याहप्त्याने. राज्याने 2025 मध्ये आणखी 50 हजार जाहीर केले, हे खरे. पण आष्टी तालुक्यातील ऊसतोड मजूर दिवाळीनंतर उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो आणि निम्मे वर्ष कोपीत काढतो. त्या काळात गावाकडची भिंत जोत्यावरच थांबते आणि भिंतीबरोबर हप्ताही.

आता तुलना करावी. संयुक्त कर्ज घेणारे, दोघेही वरच्या टप्प्यातील पतीपत्नी एका वर्षात 1,24,800 रुपयांपर्यंत कर वाचवू शकतात. केंद्राच्या योजनेत मजुराला आयुष्यात एकदा मिळणाऱ्या रकमेहून हे अधिक. आणि कर्ज फिटेपर्यंत ही संधी वर्षानुवर्षे चालू राहते. एकाला अनुदान म्हणून उपकार ऐकवले जातात. दुसऱ्याला सवलत म्हणून हक्क मिळतो. तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही खर्चच.

याला पर्याय नाही असे नाही. भांडवलशाही अमेरिकेने 2009 साली पहिले घर घेणाऱ्यास 8,000 डॉलरपर्यंतची सूट थेट करातून दिली. कर त्याहून कमी असल्यास उरलेली रक्कम रोख मिळे, आणि मोठ्या उत्पन्नाच्या लोकांना ती नाकारली जाई.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: उत्पन्नाबरोबर वाढणारी वजावट बंद करून पहिल्या घरासाठी सर्वांना समान रक्कम द्यावी, घरकुलाची रक्कम सिमेंट-लोखंडाच्या भावाशी बांधावी, हप्ते हंगाम पाहून द्यावेत. कार्यकर्त्यांनी मजूर गावी असतानाच ग्रामसभेत घरकुलाच्या यादीचे जाहीर वाचन करवून घ्यावे आणि त्याच सभेत हा हिशेबही मांडावा. विषमता आकड्यांत लपते. ती उघडी करणे हे चळवळीचे काम आहे.