साध्या परकराचा काठ

खासबागेतून शाळेकडे येताना यंत्रमागांची खटखट अजूनही कानी पडते. १९४८ पर्यंत सांगली संस्थानात असलेल्या शेजारच्या शहापुराप्रमाणे हा भागही विणकरांचा. ज्या गल्लीत साड्यांचे काठ विणले गेले, त्याच गल्लीतील मुलीस संमेलनासाठी भाड्याचा चकचकीत घागरा आणावासा वाटतो, ही गोष्ट आम्हांस खटकते.

आणि यात दोष मुलींचा नव्हे. गेल्या वर्षी पारंपरिक वेषाच्या दिवशी एक विद्यार्थिनी साध्या हिरव्या परकरात आली होती. वाढत्या उंचीपायी त्याची दुमड दोनदा उसवलेली. जुन्या घडीची रेघ झाकण्यासाठी आजीच्या विरलेल्या इरकलीचा तांबडा काठ लावलेला, आणि त्यावर कसुतीची तुळशीवृंदावने. ती मागच्या रांगेत उभी राहिली. शाबासकी आम्ही टिकल्यांच्या घागऱ्यास दिली. ती चूक आमचीच.

त्या काठामागे किती विचार होता! जुनी पट्टी आधी मिठाच्या पाण्यात भिजवून पाहावी लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात तिचा रंग परकरावर उतरतो. नवी सुती पट्टी न भिजवता लावली, तर पुढे ती आटते आणि घेर चुण्या धरतो. कसुती धागे मोजून भरावयाची. कापड घट्ट विणीचे असेल तर वर जाळीचे कापड टाचून त्यावर भरतात आणि मग जाळीचे धागे एकेक ओढून काढतात. गवंतीत जाताना एकाआड एक टाके घालावयाचे, परतताना मोकळ्या जागा भरावयाच्या. गाठ मारावयाची नाही. म्हणून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मुरगी नागमोडी जाते, मेंथी फुलीची, आणि नेगीचे तर नावच विणण्यावरून पडलेले. आमची घरची बोली कोंकणी, शिकवणे मराठीत आणि या टाक्यांची नावे कानडी. सुईची मात्र कधी अडचण झाली नाही.

कोणी म्हणेल, अभ्यासातून एवढा वेळ कोठून आणावा? यंत्र हेच काम घटकेत करते. खरे आहे, आणि यंत्राच्या कशिद्यावर आमचा राग नाही. त्यावरही कित्येक घरांच्या चुली पेटतात. परंतु पैसे देऊन आणलेल्या वस्तूबद्दल शाळेने मुलीचे कौतुक कशासाठी करावे? वर्षाकाठी एक वीतभर पट्टी भरण्याइतका वेळ सर्वांस मिळतो. मुलग्यांसही सुई द्यावी, असे आमचे मत आहे. मागावर बसण्यात ज्यांच्या वडिलांस कमीपणा वाटला नाही, त्यांस टाका घालण्यात का वाटावा?

येत्या संमेलनात मुलांनी स्वतः सजविलेले कपडे टेबलावर मांडावेत, अशी विनंती आम्ही करणार आहोत. काठाची उलटी बाजू पाहिल्यावाचून या वेळी आम्ही कोणास शाबासकी देणार नाही.