भांडणारे भाऊ, एकाच घरचे!

आता तालुक्याच्या गावीही मोठी दुकानं आली आहेत. कपड्यांच्या साबणाच्या फळीसमोर उभं राहिलं, की वाटतं, केवढी ही स्पर्धा! पण मैत्रिणींनो, पाकीट उलटून मागचं नाव वाचा. सर्फ एक्सेल, रिन, व्हील तिन्ही हिंदुस्थान युनिलिव्हरचे. एरियल अन् टाइड दोन्ही प्रॉक्टर अँड गॅम्बलचे. म्हणजे भांडणारे बरेचसे सख्खे भाऊच!

आणि दुकानदार? तुम्ही कुठलंही पाकीट उचला, त्याचा नफा आहेच. नजरेसमोरच्या फळीसाठी कंपन्या अनेकदा त्याला वेगळे पैसे मोजतात. शिवाय शेजारीच तो स्वतःच्या नावाचा माल मांडतो. पंचही तोच, खेळाडूही तोच!

मग आपण काय करायचं? थोडं वाकायचं, खालच्या फळीवरही बघायचं. 2021 मध्ये वजनमापांचे नियम बदलले. त्यामुळे आता पाकिटावर किमतीबरोबर एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापावा लागतो. मोठं पाकीट स्वस्तच, असं धरून चालू नका. तो बारीक आकडा ताडून पाहा. त्यातून वाचलेला पैसा आपल्याच संसारात राहतो, बायांनो!