कुलूप कोणत्या गाडीला लावायचं?

बारामतीत नवी कार घ्यायला गेलात, की सीट कव्हर आणि मॅटच्या यादीत चोरी रोखणारी यंत्रंही असतात. सायरन, गिअर लॉक, जीपीएस. कारला एवढे लाख घातले, तर आणखी थोडे घालू, म्हणून माणूस तीही घेतो. त्याच घरची जुनी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर मात्र नुसत्या चावीच्या भरवशावर उभे असतात. ही यंत्रं घेण्यासारखी आहेत का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, आहेत. पण आपण ती चुकीच्या गाडीला लावतो.

बहुतेक नव्या कारमध्ये इमोबिलायझर कंपनीकडूनच येतो. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत चावीचा सिग्नल लांबून पकडून चोर हे संरक्षण फसवू शकतात, हेही खरं. अशा कारला स्टिअरिंग किंवा गिअरचं साधं कुलूप पुरेसं आहे. सायरनवर पैसे घालू नयेत. बाजारात हॉर्न आणि सायरन वाजतच असतात, कुणी मान वळवत नाही. विम्याच्या सवलतीला तर भुलूच नका. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मंजूर केलेलं यंत्र बसवलं, तर मोटार टॅरिफप्रमाणे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. शिवाय कर्जावरच्या नव्या कारला सहसा पूर्ण विमा असतो. गाडी गेली तरी ठरलेली किंमत मिळण्याची सोय असते.

मोटारसायकलचं तसं नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. घेणारा निर्धास्त होतो, 'पाच वर्षं विमा आहे.' पण चोरीची भरपाई देणारा भाग बहुतेकदा पहिल्याच वर्षाचा असतो. तो संपला की उरलेली चार वर्षं गाडी चोरीला गेल्यास एक रुपयाही मिळत नाही. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या पोराची दुचाकी गेली, तर त्याचा खाडाच होतो. म्हणून मी माझ्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकात साखळी घालतो, मग ती मशिदीबाहेर असो की बँकेबाहेर.

ट्रॅक्टरचं दुखणं याहून मोठं. गाळप हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या कारखान्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रांगेत असतात आणि चालक कुठेतरी डुलकी घेत असतो. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांची चावी त्याच कंपनीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरला लागते. विमा थर्ड पार्टीपुरताच असेल, तर ट्रॅक्टर जातो आणि बँकेचा हप्ता मागे राहतो. इथे बॅटरीचा छुपा कट-ऑफ स्विच कामाचा आहे. तरीही जुनं डिझेल इंजिन उतारावर ढकलून सुरू होऊ शकतं, म्हणून जोडीला स्टिअरिंगला साखळी हवीच.

जीपीएस चोर अडवत नाही, गाडी कुठे आहे ते फक्त कळवतो. पुणे-सोलापूर महामार्ग इंदापुरातूनच जातो. रात्री निघालेलं वाहन उजाडेपर्यंत दुसऱ्या राज्यात असू शकतं. जीपीएसच्या सिमचं रिचार्ज संपलेलं असेल किंवा फोन बंद करून झोपायची सवय असेल, तर तो पैसा वाया गेला समजा.

सराईत चोर कोणतंही कुलूप तोडतो, असं लोक म्हणतात. तोडतो. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळच त्याच्याकडे कमी असतो.

इतकं करूनही गाडी गेली, तर त्याच दिवशी पोलिसांत एफआयआर नोंदवा आणि विमा कंपनीलाही लगेच कळवा. २०१० साली गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर चोरीला गेला. एफआयआर त्याच दिवशी झाला, कंपनीला मात्र उशिरा कळवलं गेलं, म्हणून तिने दावा नाकारला. एफआयआर वेळेत असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ठरवलं. पण या निकालाला नऊ वर्षं लागली. तेवढा काळ ट्रॅक्टरविना काढणं आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांना झेपेल?

तेव्हा कारच्या सायरनचे पैसे वाचवा. त्यात ट्रॅक्टरचा स्विच, दुचाकीची साखळी आणि तिच्या विम्याचं नूतनीकरण यांना हातभार लागेल.