मातीकामाचे यंत्र आणि विम्याचा कागद

अनगोळ, वडगाव व शहापूर यांच्या शिवारांत अजूनही भात पिकतो. परंतु त्याच शिवारांच्या कडेने आज घरांचे पाये खणले जात आहेत, चढउताराच्या जागा सपाट होत आहेत आणि नळांसाठी चर काढले जात आहेत. 2016 च्या जानेवारीत बेळगावची निवड ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या वीस शहरांत झाली, आणि त्यानंतर येथील रस्ते किती वेळा उकरले गेले हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. पूर्वी हे काम टिकाव, फावडे, घमेली आणि वडार समाजाचे राबते हात यांच्या बळावर होत असे. 1979 साली बल्लभगड येथे जेसीबी कंपनीने भारतात आपले काम सुरू केले, आणि पुढे त्या नावाचे असे सामान्यनाम झाले की कोणत्याही कंपनीचे खोदयंत्र आले तरी मुले ‘जेसीबी आला’ म्हणूनच धावतात.

आपल्या कुटुंबांतील काही होतकरू तरुण हे यंत्र कर्जाने घेतात. कर्जाला वडिलांचे घर तारण असते, किंवा आईचे दागिने मोडलेले असतात. बँक विमा मागते, एजंट कागद आणून देतो आणि तो कागद पेटीत जाऊन पडतो. पॉलिसी इंग्रजीत, सरकारी कचेरीतील फलक कानडीत आणि घरची भाषा मराठी. तेव्हा तो कागद कोणी वाचीत नाही यात आम्हांस नवल वाटत नाही. शिवाय विमा म्हटला की आपल्याकडे आयुर्विमाच डोळ्यांपुढे येतो. यंत्राचा, कामाचा आणि मजुराचा विमा ही वेगळीच शाखा आहे.

त्या कागदात काय असते ते पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे रस्त्यावर वाहन चालवावयाचे तर त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे, आणि खोदयंत्र रस्त्याने जाते म्हणून तेही वाहन ठरते. बहुतेकांच्या पेटीत हीच मोटारची पॉलिसी असते. आता गंमत पाहा. 2002 च्या मोटार विमा दरपत्रकात खोदयंत्रे, क्रेन इत्यादींसाठी सत्तेचाळीस क्रमांकाचे एक कलम आहे. यंत्र हत्यार म्हणून वापरले जात असता उलटले, तर त्याच्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर नाही, आणि खोदताना दुसऱ्याचे काही बिघडले तर कायद्याने भाग पाडले असेल तेवढेच कंपनी पाहील, असा त्याचा आशय. म्हणजे यंत्र रस्त्याने चालत असता विमा आहे. परंतु ज्या कामासाठी ते विकत घेतले त्या कामात बादली जमिनीत रुतली की विम्याचा हात आखडतो! ओल्या काळ्या मातीत चराच्या काठावर यंत्र कलंडणे हा तर या धंद्यातील नेहमीचा धोका. आपल्या पॉलिसीवर हे कलम आहे काय, आणि जादा हप्ता भरून उलटण्याचा धोका अंतर्भूत करता येतो काय, हे विमा घेतानाच लेखी विचारावे.

कामावरील यंत्रासाठी ‘कंत्राटदाराच्या यंत्रसामग्रीचा विमा’ निराळा मिळतो. एजंट त्यास ‘सीपीएम’ म्हणतात. त्यात अपघाताने झालेली मोडतोड येते. टायर, नित्याची झीज आणि आतील यांत्रिक बिघाड येत नाहीत. पुरे चालू असलेले काम आणि शेजाऱ्याचे नुकसान यांसाठी ‘सीएआर’ नावाची पॉलिसी असते. तीही डोळे मिटून घेऊ नये. शेजारच्या भिंतीचा आधार खणण्याने सुटला आणि भिंत पडली, तर हे नुकसान साध्या पॉलिसीत वगळलेले असते. ते मागून, हप्ता भरून घालून घ्यावे लागते. जमिनीखालील नळ वा विजेची केबल तुटली, तर ती कोठून जाते याची चौकशी संबंधित खात्याकडे आधी केली होती काय, असे कंपनी विचारते. म्हणून महापालिका व वीज खात्याकडे केलेल्या अर्जाची पोच जपून ठेवणे हेही विम्याचेच काम समजावे.

भिंतीचा प्रश्न केवळ कागदाचा नव्हे. 29 जून 2019 च्या पहाटेपूर्वी पुण्याच्या कोंढव्यात एका वसाहतीची आवारभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पावसाचे दिवस होते, माणसे झोपेत होती. पंधरा जीव गेले. लेकरेही त्यांत होती.

तेव्हा सर्वांत मोठी जबाबदारी यंत्राची नसून माणसाची आहे. 1923 च्या कायद्याने कामावर मृत्यू आल्यास भरपाईची रीत घालून दिली: मासिक मजुरीच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणावयाचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तीच रीत पुढे चालविली आहे. पंचवीस वर्षांच्या मजुरासाठी हा आकडा 216.91 आहे. मजुरी 15,000 रुपये धरली, तर भरपाई सोळा लाखांवर जाते. चूक मालकाची होती की नव्हती हा प्रश्न येथे बहुधा उद्भवत नाही. सोळा लाख रुपये देताना यंत्र विकले जाईल आणि घरही जाईल. आणि ते न दिले गेले तर कोणा विधवेच्या चुलीत काय शिजेल, हा विचार आम्हांस अधिक अस्वस्थ करतो.

मजुरांच्या भरपाईचा विमा मजुरीच्या रकमेवर आकारतात. हप्ता वाचविण्यासाठी काही जण दहा माणसांच्या जागी चारच दाखवितात. दावा आला म्हणजे ही काटकसर फार महाग पडते. मुकादमाने आणलेली माणसे आपली नव्हेत असे म्हणून सुटका होत नाही. कंत्राटदाराने ज्याच्याकडून काम करून घेतले त्याच्या मजुरांचीही जबाबदारी कायदा मूळ कंत्राटदारावर टाकू शकतो. त्यांची नोंद पॉलिसीत वेगळी करून घ्यावी. यंत्र चालविणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना आहे काय, हेही पाहावे. वाद तेथूनच सुरू होतात.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास बंगळूर येथील विमा लोकपालांकडे एकट्या मालकीच्या धंद्यासही जाता येते. त्यास फी पडत नाही आणि वकील लागत नाही.

ज्या मजुराचा मालक यांतले काहीच करीत नाही, त्याने निदान आपल्या बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरावा. अठरा ते सत्तर वर्षे वयाच्या खातेदारास वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी. या विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते, आमच्याकडे पहिल्या पावसाच्या सुमारास.