अंगठ्यातील स्फटिक

तुरटीची पूड गरम पाण्यात भराभर विरघळते. ते दाट पाणी रात्रभर गार होऊ दिले, तर सकाळी तळाशी स्फटिक साचलेले दिसतात. सर्व क्षार असे वागत नाहीत. मीठ गरम आणि गार पाण्यात जवळजवळ सारखेच विरघळते. आपल्या शरीरातील सोडियम युरेट हा क्षार मात्र तुरटीच्या वळणाचा आहे.

मध्यरात्री पायाचा अंगठा एकाएकी लालबुंद होऊन सुजतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. ‘डॉक्टर, काही लागले नाही, मुरगळले नाही, मग हे कशाने?’ असे वयस्कर रुग्ण विचारतात. या दुखण्याचे नाव गाऊट. ३७ अंश सेल्सिअसला एक डेसिलिटर द्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅम युरेट विरघळते, तर ३० अंशांना जेमतेम ४.५. पायाची बोटे शरीराच्या गाभ्याहून थंड असतात. म्हणून रक्तातील युरिक अ‍ॅसिड वाढले की स्फटिक बहुधा तेथे आधी जमतात.

मग पाय शेकला तर ते विरघळतील का? नाही. वेदना होते ती स्फटिकांवर तुटून पडलेल्या पेशींमुळे, आणि शेकाने दाह वाढू शकतो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, पाय उंचावर ठेवावा. पायाची संवेदना कमी असल्यास किंवा रक्तपुरवठा मंद असल्यास बर्फ लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

स्फटिक खरोखर विरघळवायचे, तर रक्तातील युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली आणून तेथेच टिकवावे लागते. त्याला महिनोन्‌महिने लागतात. दुखणे थांबले म्हणून गोळी सोडली की तळाशी पुन्हा साका बसू लागतो.

घरातील मंडळींनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वेदनाशामक गोळ्या मनाने आणून देऊ नयेत. वृद्धांच्या मूत्रपिंडांना त्या बाधू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, युरिक अ‍ॅसिड वाढते. तरी त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि सांधा सुजून ताप किंवा थंडी वाजत असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.